केवलराम गुरुजींनी परत घेतलेला धडा

केवलराम मेश्राम गुरुजींनी इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. साप चावल्यावर काय करावं, हा त्यांचा हातखंडा धडा. एखाद्या पोराला टेबलावर बसवून पोटरीला दोरी आवळायचे आणि म्हणायचे, "घट्ट बांधा. विष वर चढलं नाही पाहिजे." तेव्हाच्या पुस्तकातही तेच होतं.

दोन वर्षांमागं धानाच्या रोवणीत मंदाबाईच्या पायाला घोणस चावली. तिचा नवरा दुधराम गुरुजींचाच विद्यार्थी. त्यानं नायलॉनची दोरी करकचून बांधली. दवाखान्यात पोचायला तीन तास लागले. बाई वाचली, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "माझ्या शिकवणीनं जीव वाचला," असं गुरुजी तेव्हा चारचौघांत सांगत.

यंदा गावात आरोग्य शिबिर झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोरी बांधूच नका. रक्त थांबतं, पाय सडतो. पाय हलू न देता थेट दवाखान्यात आणा. औषध तिथंच आहे."

"हे कधीपासून?" गुरुजींनी विचारलं.

"बरीच वर्षं झाली. रुग्ण पाहत पाहत डॉक्टरांना कळत गेलं. आधीची समजूत चुकीची होती."

त्या रात्री गुरुजी जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी सुशिलाबाई म्हणाल्या, "पुस्तकात होतं ते शिकवलं. आता कायले उकरून काढता?"

तरी सकाळी ते दुधरामच्या अंगणात गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळे झाले. दुधराम भारा बांधत होता. त्याचे हात थांबले.

"म्हणजे पाय मी घालवला?"

"तू नाही. मी शिकवलं ते..."

"बांधलं त मीच ना, गुरुजी!" दुधराम उठला आणि मागं न बघता बांधावरून निघून गेला.

मंदाबाई कुबडीवर रेलून उभी होती. "दोन वरीस हा माणूस मले वाचवलं म्हणून जगून राहिला होता," ती म्हणाली. "तेवढंच होतं त्याच्यापाशी. काऊन आले तुमी?"

"बाई, उद्या आणखी कोणी दोरी बांधेल."

गुरुजी परतले.

पुढं ते शाळाशाळांतून जुना धडा खोडून काढत फिरले. पोरं ऐकत, पण घरचे म्हातारे हसत: म्हणे, गुरुजीले भ्रम झाला. महिन्याभरानं एका शाळेत मंदाबाई आपणहून आली, लुगडं वर करून खुंट दाखवला आणि म्हणाली, "हे दोरीनं झालं."

पुढच्या बाकावरच्या प्रेरणानं विचारलं, "गुरुजी, आता सांगून राहिले तेही उद्या चुकीचं निघालं तर?"

"निघू शकते," गुरुजी म्हणाले. "निघालं की मी पुन्हा येऊन सांगीन."

दुधराम मात्र त्यांच्याशी त्यानंतर एक शब्द बोलला नाही. वाटेत दिसले, की तो बांध बदलतो.