उसवलेलं सूप

"बाई, हे पूर्ण करू नका. उसवा."

मी मान वर केली. सुपाचा काठ तेवढा बांधाचा राहिला होता. नव्या रायपुरातल्या त्या गार हॉलमध्ये सतरंजीवर बसून सकाळपासून मी तेच करून राहिली होती. समोर म्याडम उभी. मराठीच, पुण्याकडची. इथंच राजधानीत तिचं हातच्या वस्तूंचं मोठं दुकान. आमच्यासारख्या कारागिरांचं भलं कराले तिनंच हे प्रदर्शन भरवलं होतं.

"काहून उसवू?"

"पाहुणे येतायत. त्यांना तुम्ही विणताना दिसायला हव्यात. झालेल्या सुपाचा काय फोटो काढायचा?"

उसवलं. हो, उसवलं मी. पाहुणे आले, फोटो काढले, गेले. सूप पुन्हा काठापर्यंत आलं, तं म्याडम पुन्हा हजर. "अजून एक ग्रुप आहे हो. उसवा ना."

बांबूची कामटी एकदा वळली का वळली. उसवली का तडकते. तशीच एक तडकलेली बोटात घुसली. रक्त आलं. म्याडमनं पर्समधून कागदी रुमाल काढून देल्ला. मले वाटलं, बाईच्या पोटात माया हाये.

"सुपाला लागू देऊ नका हं," ती म्हणाली.

लय झोंबलं. पण बोट रुमालात गुंडाळून पुन्हा विणाले लागली. बुरडाची पोट्टी मी, गिळाची सवय हाये. लहानपणी मायसंग रायपुरातल्या तात्यापाऱ्यात जायची, मराठी घरांच्या मोहल्ल्यात. कोणाच्या घरी लेकरू झालं का पाचवीले नवं सूप पायजे. माय ते पायरीवर ठेवे अन् मागं सरके. घरची बाई सुपावर पाणी शिंपडे, मंगच उचले. लेकराले निजवाले आमचं सूप चाले, आमचा हात चालत नोता.

"माय व, पाणी काहून शिंपडते?"

"धूळ असते, पोरी."

खोटं बोलली माय. सूप आम्ही घरूनच पुसून नेत होतो.

तिकडं टेबलावर माहीच बारा सुपं मांडली होती, मी विकाले आणलेली. एका बाईनं विचारलं, "ये किसने बनाया है?" म्याडम म्हणाली, "हमारी टीम ने." मी तिथून दोन हात अंतरावर बसलेली! उठून पाहिलं, तं एकेका सुपावर तिच्या दुकानाचं लेबल.

तवा डोक्यात लख्ख झालं. तात्यापाऱ्यात पाणी शिंपडून माह्या मायचा हात धुऊन काढत होते. इथं लेबल लावून माहा. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, म्हणतात. सूप करणारीले कोणी धरतच नाही.

दुपारी तिसरे पाहुणे आले, संग क्यामेरेवाले. म्याडम कानाशी वाकली. "चला, उसवून सुरू करा."

"नाही उसवत."

"अहो, सगळे बघतायत!"

"पाहू द्या. मी बुरडीण हाये. सूप मी केलं. पुरं बी मीच करीन."

भेव वाटत होतं, खोटं कायले सांगू. पण काठ बांधला. गाठ मारली. बाराही सुपांची लेबलं नखानं खरडून काढली, सुपं डोक्यावर घेतली अन् चालू पडली.

मागून आवाज आला, "या लोकांसाठी कितीही करा!"

त्यानंतर मले कोणत्याच प्रदर्शनात बोलावलं नाही. आता गुढियारी मोहल्ल्यात रस्त्याच्या कडेले उन्हात बसते. धंदा कमी हाये. कधी कधी रागानं रडू येते. पण लेबल लावता येते तसं निघते बी, हे मी माह्या नखानं शिकली. म्हणून आता दर सुपात मधोमध एक लाल कामटी विणते. ती माही खूण.

दुकानदार येतात. म्हणतात, "दीदी, ये लाल वाली निकाल दो, पूरा माल उठा लेंगे."

मी सूप त्यांच्यापुढं सरकवते. ती एक कामटी ओढली का सारं सूप मोकळं होते. काढाची असन तं तुम्ही काढा. मी माह्या हातानं आता उसवणार नाही.