कवटीच्या मागची गाठ

माझी बहीण एका ट्रकवाल्याबरोबर पळाली, असे गोव्यातल्या पाळी गावात बारा वर्षे बोलले गेले. ते पहिल्यांदा बोलला तिचा नवरा, खाणीवरचा मुकादम. सहा महिन्यांत त्याने दुसरे लग्नही केले. सावंतवाडीकडून पोट भरायला आलेली आमची आई त्यानंतर मान वर करून बाजारात गेली नाही. मी दातओठ खात शिकले आणि सरकारी शवागारात तंत्रज्ञ म्हणून लागले. त्या माणसाला गजाआड पाहायचे, एवढेच मला हवे होते.

एका पावसाळ्यात पाळीतला खाणमातीचा ढिगारा खचला आणि आतून एक कवटी निघाली. बाकीची हाडे नव्हतीच. ढिगारा मुकादमाच्या जुन्या खोपीमागचा, हे मला ठाऊक होते. शहरातून नवीन आलेल्या डॉक्टरांना नव्हते. त्यांनी कवटी हातात फिरवली आणि लिहिले, पुरुष, चाळिशीच्या पुढचा.

माझे डोके सणकले. हा कागद गेला असता तर तो साळसूद पुन्हा सुटला असता.

मी कवटी मऊ ब्रशने धुतली. हाडांच्या सांध्यांत लाल माती सुकून बसली होती, म्हणून ते उतारवयात मिटतात तसे मिटल्यासारखे दिसत होते. माती गेली तसे ते उघडे दिसले. अक्कलदाढ अर्धीच वर आलेली. भुवईचे हाड सपाट, डोळ्याच्या खोबणीची वरची कड धारदार, बाईची असते तशी. डॉक्टरांनी वय मान्य केले, अठरा ते पंचवीस. पण कवटीच्या मागे मानेचे स्नायू जिथे चिकटतात, तिथली जाड गाठ दाखवून म्हणाले, "ही बाईची नसते."

दुसऱ्या दिवशी मी आईला बसने आणले. तिने आणि बहिणीने वर्षानुवर्षे खनिजाच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या होत्या. "हिच्या डोक्यामागे हात लावून बघा," मी म्हटले. डॉक्टरांनी हात लावला. तशीच गाठ बोटांना लागली. मग 'पुरुष' खोडून 'स्त्री' लिहिले आणि मला बजावले, "कवटी नाव सांगत नाही."

ते खरेच होते. फौजदाराने विचारल्यावर मुकादम म्हणाला, खाणीवर शेकडो बाया आल्या-गेल्या, माझी तर पळाली.

पुढच्या आठवड्यात त्याची दुसरी बायको मला डिचोलीच्या बाजारात भेटली. साधी, भित्री बाई. माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या भयणीचा पान आमी दर वर्सा वाडतंव हां. अविधवा नवमी कधी चुकाक नाय."

अविधवा नवमीला, नवऱ्याआधी मेलेल्या सवाष्णीचे पान वाढतात. पळून गेलेलीचे कोण वाढतो? तिच्याच बोलण्यातून कळले, गावात कळू नये म्हणून तो दार लावून विधी करायचा आणि भट लांब पेडण्याहून आणायचा. जगाला ती जिवंत सांगत होता, आणि तिच्या भुताला भिऊन दर भाद्रपदात तिला मेलेली मानत होता.

फौजदाराला मी लगेच सांगू शकले असते. पण मुकादम तेवढ्यात सावध झाला असता, आणि खरे सांगते, मला तो तिचे पान वाढताना सापडायला हवा होता. दोन महिने मी गप्प राहिले. रोज कामावर त्याला मनातल्या मनात फासावर चढवत होते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

नवमीच्या सकाळी मी फौजदाराला सगळे सांगितले, आणि दुपारी आम्ही दोघे मुकादमाच्या घराच्या मागच्या पडवीत उभे होतो. दाराच्या फटीतून केळीचे पान दिसत होते, शेजारी हिरव्या बांगड्या आणि कुंकवाचा करंडा. भटाने विचारले, "कोणाच्या नावानं?"

मुकादमाने हात जोडून माझ्या बहिणीचे नाव घेतले. मग स्वतःहून म्हणाला, "बारा वर्सां झाली तिका मरान."

मी दार ढकलले. त्याच्या हातातले पाणी पानावर सांडले.

"परत एकदा नाव घेवा, भावजी," मी म्हटले. "सायबांक बरा आयकाक येवक नाय."