आमच्यात हाय ते

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, संकेत, दृष्टांत... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी विषयच बदलायचे. तरीही हे लिहितेय, नवऱ्याला विचारूनच.

गेल्या उन्हाळ्यात आमची चौदा वर्षांची सई पोटदुखीने कळवळायला लागली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. एवढ्याशा पोरीला? ऑपरेशन ठरलं. भर दुपारी आम्ही सात रस्ता चौकाजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये सर्जनची वाट बघत बसलो होतो. नवरा, महेश, काउंटरवर उभा होता.

शेजारी एक बाई येऊन बसली. इरकल लुगडं, डोळे हळदीसारखे पिवळे. सईकडे बघत मला म्हणाली, "खडं मागनं काडा. आदी पोरीचं रगत बगा. आमच्यात हाय ते."

"आमच्यात म्हणजे?"

तिने हनुवटीने महेशकडे दाखवलं. "त्याला बी हाय की."

मी महेशला हाक मारायला वळले... परत बघते तर खुर्ची रिकामी!

मी तिला शोधायला दारापर्यंत धावले. कारण महेश दत्तक आहे. तान्हा असताना अनाथाश्रमातून आणलेला. सासू-सासरे गेल्यावर हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं — सईलाही नाही.

डॉक्टरांना बाईचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "आधी रक्ताचा काही आजार आहे का, बघता का?"

रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, "लाल पेशी चपट्या हव्यात, हिच्या चेंडूसारख्या गोल आहेत. त्या लवकर फुटतात, त्यातूनच खडे झालेत. नुसते खडे काढले असते तर मूळ आजार कळलाच नसता. हे बहुधा आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं."

महेशचं रक्त तपासलं. तेच निघालं! सौम्य, म्हणून आजवर कळलं नव्हतं.

उपचार, ऑपरेशन सगळं नीट पार पडलं. मग एकदा आम्ही दोघांनी सईला जवळ बसवून सगळं सांगितलं, दत्तकाचं आणि त्या बाईचंही.

"ती बाई?" सई म्हणाली. "पण आई, ती तर कन्नडमध्ये बोलत होती! मला एक शब्द कळला नाही. तू उत्तर दिलंस, म्हणून वाटलं तुला येतं."

माझं माहेर माढ्याचं, घरात सगळे मराठीच बोलणारे. मला कन्नड अजिबात येत नाही... मी ऐकलं ते मराठीच होतं.

महेश माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "माझ्यासारखी दिसत होती का गं?"

लुगडं आठवतं, डोळे आठवतात. चेहरा मात्र काही केल्या आठवत नाही. तो अजून अधूनमधून विचारतो... आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.