करवतीची खुशाली

लोणीमिस्त्री लोणी विकत नसत. गल्लीतली लहान पोरं मात्र बरीच वर्षं तसंच समजत होती. मिस्त्री सुतार होते. फळी तयार झाली की गिऱ्हाइकाचा हात धरून तिच्यावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "बघा, लोणी आहे लोणी!" गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी सुटका नसे. नाव पडलं ते कायमचं.

लोणी काढणारं ते यंत्र त्यांनी तरुणपणी एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलं होतं. रेडियल आर्म करवत. जाड लोखंडी खांब, त्याला एक आडवा हात, आणि हाताखाली पुढेमागे सरकणारी मोटर. दुसरे सुतार अशा करवतीवर लाकूड कापतात आणि गप्प बसतात. मिस्त्रींना कुठलं स्वस्थ बसवतंय! त्यांनी पातं काढलं, मोटर उभी केली आणि तिच्या खाली रंध्याचं फिरत्या पात्यांचं डोकं बसवलं. फळी खालून सरकवायची, मोटर बोटभर पुढं घ्यायची, पुन्हा फळी सरकवायची. वेडीवाकडी फळी सरळ होऊन बाहेर पडायची. मग रंधा काढून पॉलिश पेपर गुंडाळलेला ड्रम लावायचा. ड्रमची खालची कड आत उतरावी आणि लाकूड तळापर्यंत घासलं जावं म्हणून टेबलाला एक गोल भोक पाडलं होतं. ते भोक कुठं पाडायचं या विचारात त्यांनी कित्येक दिवस जेवताना तोंडातून शब्द काढला नव्हता.

बायको त्या यंत्राला सवत म्हणायची. "सवतीला भरवून झालं असेल तर जेवायला या म्हणावं," असा निरोप शेडवर जायचा. शेड दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे निरोप चारचौघांच्या कानांवरून जायचा. मिस्त्री हसायचे. थट्टाच ती, असं त्यांना वाटायचं.

लाकूड नेहमी रंध्याच्या फिरण्याच्या उलट द्यायचं, हे त्यांनी शिकायला आलेल्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं. उलट दिलं तर ते हातात राहतं, सोबत दिलं तर यंत्र हिसकावून नेतं. एका दुपारी एकच फेर उरला होता. टेबलाला वळसा घालायचा कंटाळा आला, आणि लोकां सांगे ब्रह्मज्ञान अशी गत झाली. फळी चुकीच्या बाजूनं सरकवली. फळी गेली आणि तिच्यामागून उजवा हात गेला. दोन बोटांची टोकं उडाली, तळहाताच्या शिरा तुटल्या.

दवाखान्यातून आल्यावर मिस्त्रींनी शपथ घेतली. मूठ वळेपर्यंत शेडची पायरी चढायची नाही. "असला हात घेऊन तिच्यापुढं कुठं जाऊ?" ते म्हणाले.

"डॉक्टर म्हणालेत, व्यायाम केला की पहिल्यासारखा होईल," बायको म्हणाली. "तोवर मी बघते तिच्याकडं."

तेव्हापासून रोजची खुशाली सुरू झाली. संध्याकाळी बायको बाहेर जाऊन यायची, आणि मिस्त्री कोमट पाण्यात हात बुडवून विचारायचे,

"खांब पुसलास?"

"पुसला."

"तेल?"

"लावलं. हे बघा, हाताला अजून वास येतोय."

वास खरंच यायचा. एकदा तर म्हणाली, मोटरीमागं कोळ्यानं जाळं केलं होतं, काठीनं काढलं. मिस्त्रींचे डोळे भरून आले. ही बाई, आणि सवतीला इतका जीव लावते! त्या बळावर ते दात आवळून बोटं वळवत. मुलगा जवळ बसलेला असला की उठून बाहेर जायचा. बापाचं दुखणं त्याला बघवत नाही, असं ते कौतुकानं सांगत.

एका सकाळी त्यांनी उजव्या हातानं चहाचा कप उचलला. अर्धा चहा सांडला, पण कप नाही पडला. आणखी काय मूठ वळायची राहिली? बायको बहिणीकडे गेली होती. खुंटीवरची किल्ली घेऊन ते लहान मुलासारखे निघाले.

कुलूप उघडेना. त्यांनी आपल्या हाताला दोष दिला, मग डाव्या हातानं जोर लावला. दार उघडलं आणि आत जमिनीवर सगळीकडे सारखी धूळ दिसली. एकाही पावलाचा ठसा नव्हता. मधोमध चार बोल्टांची भोकं होती. खांब नाही, टेबल नाही, काही नाही. मिस्त्री तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे?

बहिणीकडून परतल्यावर खुंटीवर किल्ली दिसली नाही तशी बायको धावत आली आणि दारातच थांबली.

"कधी गेली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाच. पोरानं एका कारखान्याला देऊन टाकली. त्याला बोलू नका, मीच सांगितलं."

"आणि तेल? कोळी?"

"शिलाई मशीनचं तेल हाताला चोळायचे. देवळापाशी बसून यायचे." तिचा आवाज चढला. "त्या टेबलावरचं तुमचं रक्त मी पुसलंय. पुन्हा तिलाच पुसत बसू?"

"विकलीस, त्याचं मी रडून घेतलं असतं," मिस्त्री म्हणाले. "पण रोज संध्याकाळी मी पोरासारखा विचारायचो आणि तू डोळ्यांत बघून सांगायचीस. केसानं गळा कापलास गं."

मिस्त्री हाताकडे बघत राहिले. मग त्यांच्या मनात दुसरंच काही आलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"सांगितलं की तुम्हाला."

"तू सांगितलंस ते नको. ते काय म्हणाले?"

बायको त्या धुळीतच त्यांच्याजवळ बसली. "मूठ वळणार नाही म्हणाले. ऑपरेशन झालं त्याच दिवशी."

"खोटं," मिस्त्री ओरडले. "तुझं काय खरं मानायचं? हेही खोटं असणार. म्हण ना खोटं आहे म्हणून."

तिनं नकारार्थी मान हलवली. कोळ्याच्या गोष्टीवर जसा त्यांचा पटकन विश्वास बसला होता, तसा याच्यावरही बसला.