तांबडीची चंदी

मोतद्दाराला मेहुण्याचा राग येत नव्हता, नुसता जळफळाट होत होता. आणि गंमत म्हणजे या मेहुण्याला पागेत त्यानंच चिकटवलं होतं. बायकोनं धोशा लावला, "माझा भाऊ रिकामा बसलाय, घ्या की हाताखाली." घेतला. झालं! आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

एकोणीस वर्षं हा माणूस घोड्यांचं करत होता. खरारा असा करायचा की पाठीवर माशी घसरावी. तांबडी घोडी तर जन्मली तीच त्याच्या हातावर. आणि आता ही बया सहा महिन्यांत मेहुण्याच्या पावलांवर खिंकाळायला लागली! मोतद्दार आला की शेपटीनं माशा वारायची. बस्स, एवढंच स्वागत.

मग त्यानं एक उद्योग सुरू केला. तांबडीची चंदी, म्हणजे दाणा, मेहुण्याकडे होती; सकाळी एक माप, संध्याकाळी एक. खोलीची किल्ली मात्र अजून मोतद्दाराच्याच कमरेला. मेहुणा पाणी आणायला गेला की हा गुपचूप अर्धं माप जव तिच्या तोंडापुढे धरायचा. "खा गं, कोण आपलं नि कोण परकं, कळू दे तुला." घोडी खायची, तोंड त्याच्याच सदऱ्याला पुसायची आणि कान मात्र दाराकडे.

एका सकाळी मालकीणबाई रपेटीला आल्या. मोतद्दारानं लगाम पुढे केला, तर तांबडी मान फिरवून मेहुण्याची कॉलर चाटायला लागली. मालकीणबाई हसल्या. "आता हिचं सगळं यालाच बघू दे. तुमचंही वय झालं."

वय! बेचाळीस म्हणजे काय वय झालं? मोतद्दाराच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी त्यानं अर्धं नाही, चांगली तीन मापं ओतली.

दोन तासांत तांबडी खुरानं जमीन उकरायला लागली. वळून वळून पोटाकडे बघायची, मग धाडकन आडवी व्हायची. अंग घामानं निथळत होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"खाण्यात काय आलं? नेहमीचंच असेल तर औषध देऊन वाट बघते. दाणा जास्त झाला असेल तर आत्ताच नाकातून नळी घालून पोट रिकामं करायला हवं. खरं सांगा, नाहीतर घोडी जाईल."

सगळे मेहुण्याकडे बघायला लागले. चंदी त्याचीच ना! मोतद्दार गप्प राहिला असता तर मेहुणा त्याच दिवशी पागेबाहेर होता. त्यानंही मेहुण्याकडेच नजर वळवली. तेवढ्यात तांबडी कण्हली.

"तीन मापं," तो म्हणाला. "मी घातली. चोरून."

नळी घातली, पोट धुतलं आणि दिवस मावळायच्या आत घोडी उभी राहिली. मालकीणबाईंनी त्याची अशी खरडपट्टी काढली की विचारू नका. त्या गेल्यावर मेहुणा बादली उपडी टाकून त्याच्याशेजारी बसला.

"भाऊजी, रोजचं अर्धं माप मला ठाऊक होतं. सांडलेले जव दिसायचे. मी माझ्या मापातून तेवढं काढून ठेवायचो. आज तीन घालाल असं नाही वाटलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला तेवढ्यानं बरं वाटत होतं."

मोतद्दाराच्या ओठांवर शिवी आली होती. ती त्यानं गिळली.

"तांबडी घेतलीस ती घेतलीस, मोठेपणा तरी मला ठेवायचास की रे!"

कमरेची चंदीच्या खोलीची किल्ली सोडून त्यानं मेहुण्याच्या हातात कोंबली. "घे. माझ्याजवळ नको."