पूजेला बसवलेलं बटण

गळ्यातल्या डबीवर अंगठा टेकवून ते गेटवरच्या वॉचमनला म्हणायचे, "मी आत चाललो. स्वल्प इकडे कान असू दे, सरी?" वॉचमननं मान डोलावली की कॉम्प्रेसरच्या खोलीचं, बाहेरूनही उघडणारं लोखंडी दार त्यांच्यामागे बंद व्हायचं.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बेंगळुरात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला अण्णाच म्हणतात, तसं. नव्वदच्या दशकात, बेळ्ळंदूरच्या बाजूला अजून शेतं होती तेव्हा, आमचं कोल्ड स्टोरेज होतं. मी पुण्याहून तिथे डिस्पॅचला आलो होतो. अण्णांची मराठी मला पहिल्यांदा कानडीच वाटली, आणि माझी त्यांना फार रागीट वाटायची.

कॉम्प्रेसर सांभाळत त्या खोलीत ते एकटे असत, सोबतीला अमोनियाचे पाइप. हा गॅस सुटला तर माणूस दारापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून विमावाल्यांच्या आग्रहानं मालकांनी ती परदेशी डबी मागवली होती. तिचं लाल बटण दाबलं की गेटवर घंटा व्हायची.

डबी काळ्या दोरीत होती, मग काय विचारता! हमालांनी तिचं मंगळसूत्र करून टाकलं. "अण्णा, धनी कसे आहेत?" मॅनेजर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. आपल्याकडे जिवाला जपणाऱ्या माणसाला भित्रा म्हणायची किती हौस असते, हे तुम्हीही पाहिलं असेल. अण्णा चिडत नसत. "हसा की! मला संध्याकाळी घरी जायचंय," एवढंच म्हणत.

मग आयुधपूजा आली. इथे त्या दिवशी लॉरीपासून पान्ह्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, चाकांखाली लिंबं चिरडतात, दारात कोहळा फुटतो. पूजेला बसवलेल्या आयुधाला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर मात्र थांबवता येत नाही, माल सडतो. त्याला चालू असतानाच हार घातला.

मॅनेजरनं अण्णांच्या गळ्याकडे बोट केलं. "हेही आयुधच की. ठेवा देवीपुढे."

"हे नको. मला आत जायचंय."

"देवीपेक्षा बटणावर विश्वास जास्त?"

सगळे हसले. कुणीतरी मागून दोरी डोक्यावरून ओढून काढली. डबीला कुंकू लागलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आरतीनंतर अण्णांनी हात पुढे केला, तर मॅनेजरनं त्यावर चुरमुरे ठेवले. "उद्या घ्या. पूजा मोडू नका."

"मग गॅसलाही सांगा, आज सुट्टी आहे म्हणून," अण्णा म्हणाले. त्यावरही लोक हसले.

दुपारी आम्ही सारे प्रसाद घेऊन घरी गेलो. राहिले अण्णा आणि गेटवरचा वॉचमन. संध्याकाळी वास बाहेर आला तेव्हा वॉचमनला कळलं. अण्णा दाराच्या आत पडले होते, कडी त्यांच्या हाताच्या जरा वर. माझ्या मनातला संताप अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची बायको त्यांचा डबा आणि चपला न्यायला कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारच्या ऑफिसात आली. टेबलावर ती परदेशी डबी होती, कुंकवासकट. तिनं ती उचलली.

मॅनेजर घाईघाईनं म्हणाला, "अक्का, गळ्यात असती तरी काय होणार होतं? घंटा ऐकून माणूस गेटवरून यायचा कधी, दार उघडायचा कधी? तोवर सगळं..."

बाईनं बटण दाबलं.

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत वॉचमन धापा टाकत दारात उभा होता. मागोमाग दोन हमाल. "एनायतु? काय झालं?"

बाईनं बटणावरचा अंगठा काढला.

"अगं बाई," ती म्हणाली, "इतक्या लवकर येतात?"