हंगाम मध्येच थांबतो, हे मला ठाऊक नव्हतं

साखर कारखान्याच्या काट्यावर मी उभ्या जन्मात इतका ऊस मोजला, की तो एकापुढे एक ठेवला असता तर बेलापुरातून निघून चंद्राला दोन वेढे बसले असते आणि उरलेल्यात वाटेत एक रसवंती टाकता आली असती. असा माणूस रग्बीच्या नादी कसा लागला, ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात बायको गेली. मला रडू आलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून मी पाच किलो कांदा चिरायला घेतला. शेजाऱ्याचं कुत्रंसुद्धा रडलं, मी कोरडाच. एकुलती एक मुलगी इंग्लंडात नर्स आहे. ती मातीला आली, आठ दिवस राहिली आणि परत गेली. मग दर रविवारी चारला तिचा फोन यायचा. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." इथं दोघांचाही ऊस संपायचा. फोन असाच चालला तर एके रविवारी येणारच नाही, हे मला दिसत होतं.

तिच्या गावाचा रग्बीचा मोठा क्लब आहे, शनिवारी सगळं गाव मैदानावर असतं, असं ती एकदा म्हणाली होती. मी तेच धरलं. सामना काही माझ्या टीव्हीवर यायचा नाही. मोबाईलवर नुसता निकाल यायचा. बाकीचा सामना मी घरीच तयार करायचो. क्लब असा, की सप्टेंबरपासून हरत होता. पण त्या खेळात सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर हरणाऱ्यालाही लीगच्या तक्त्यात एक गुण देतात. हा नियम मला फार आवडला.

रविवारी मुलीला सांगितलेला सामना सोमवारी कारखान्याच्या गेटवरच्या चहावाल्याकडे पुन्हा व्हायचा, थोडा वाढवून.

"आठ इकडचे, आठ तिकडचे. डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात. रुतलेली ट्रॉली रेटावी तसं."

"दोनी बाजूनं?" एक ट्रॅक्टरवाला म्हणाला.

"दोन्ही."

"मग ट्रॉली निघायची कशी, मामा?"

"निघत नाही. म्हणून तर आम्ही हरतो."

"आन् चेंडू म्होरं फेकायचा न्हाई म्हनता?"

"मागंच द्यायचा."

"लई अवघड हाय. आपल्या चेअरमनला जमंल."

फोन आता अर्धा अर्धा तास चालायचा. मी म्हणायचो, आपला तो जाड्या पडला तेव्हा मैदानाला विहीर पडली असेल. ती म्हणायची, हो पप्पा, मी समोरच होते.

फेब्रुवारीत एका शनिवारी निकाल आलाच नाही. मला वाटलं, रेंज गेली. रविवारी अंदाजानं ठोकून दिलं, "सहानं हरलो, पण एक गुण पदरात पडला."

"हो ना," ती म्हणाली. "पाऊस पण काय होता. मी शेवटपर्यंत थांबले."

सोमवारी चहावर हायस्कूलचे खेळाचे मास्तर होते. ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "काका, परवा सामना कुठला? सध्या देशादेशांच्या मॅच चालू आहेत. क्लबची लीग मध्ये थांबते."

आमच्याकडे बॉयलर पेटून उसाची पहिली मोळी पडली की शेतातला ऊस संपेपर्यंत हंगाम चालतो. ऊस कमी पडला तर कारखाना तासभर थांबतो, तेवढ्यात दहा माणसं शिव्या खातात. महिना महिना थांबणारा हंगाम माझ्या स्वप्नातही आला नसता. मी खोटा पडलो, त्याचं काही नाही, मला सवय आहे. पण ती कोणत्या पावसात थांबली होती?

आठवडाभर तोच विचार. रविवारी चारला फोन आला.

"शनिवारी तू कुठं असतेस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "खोलीत. पडदे लावून पडते. मैदान मी बाहेरूनसुद्धा बघितलं नाही."

"मीही एकही सामना बघितलेला नाही."

"मला कळलं होतं, पप्पा. विहिरीच्या वेळीच."

दोघांपैकी कुणी हसलं नाही. तिच्याकडे कुठंतरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता.

"जेवलात का?"

"नाही," मी म्हणालो. "भाकरी थापता येत नाही. सहा महिने पाव खातोय."

"मी पण पावच खाते."

पुन्हा नळ.

"पुढच्या शनिवारीही सामना नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. रविवारी चारला फोन कर."

"काय बोलायचं?"

"बघू," मी म्हणालो. तिनं फोन ठेवला नाही. मीही नाही.